उच्चार उत्तम, अर्थात मात्र गफलत

इंग्रजी वाक्प्रचार शिकवणारे हे ॲप मी वर्षाची वर्गणी भरून गेले तीन महिने वापरत आहे. त्यातील उच्चार स्पष्ट आहेत, इंटरनेट नसतानाही धडे चालतात आणि रोजच्या उजळणीची सोय चांगली आहे.

माझी तक्रार आहे ती 'धाडस' या विभागाबद्दल. तेथे 'पुश द एन्व्हलप' आणि 'बियॉन्ड द पेल' ही कार्डे लागोपाठ येतात आणि दोन्हींच्या मागे 'मर्यादा ओलांडणे' हा एकच अर्थ दिलेला आहे. पहिल्या कार्डावर तर टपालाच्या पाकिटाचे चित्र आहे! वास्तविक, विमान किती वेगाने आणि किती उंचीवर सुरक्षित उडू शकते हे दाखवणाऱ्या आलेखाच्या सीमारेषेला विमानविद्येत 'एन्व्हलप' म्हणतात आणि चाचणी वैमानिक ती रेषा जपून, थोडी थोडी पुढे सरकवत नेतात. 14 ऑक्टोबर 1947 रोजी चक येगर यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर बेल एक्स-1 विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला, तोही असाच एकेका उड्डाणागणिक वेग वाढवत. त्यामुळे या वाक्प्रचारात बहुधा कौतुकच असते.

'पेल' म्हणजे कुंपणाचा खुंट. कुंपणापलीकडचे वागणे म्हणजे चारचौघांत न खपणारे. आपण 'ताळतंत्र सोडले' म्हणतो, त्या जातीचे. डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अंमलाखालील मुलखाला पूर्वी 'पेल' म्हणत, हे ॲप सांगते ते खरे आहे. परंतु वाक्प्रचार तिथूनच आला याला पुरावा नाही.

माझ्या शिकवणीतील एका मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जात विज्ञानाच्या बाईंचे कौतुक करताना त्यांचे प्रयोग 'बियॉन्ड द पेल' असतात, असे लिहिले. पाठवण्यापूर्वी अर्ज माझ्या हाती आला म्हणून निभावले. तिने कार्डावरचा अर्थ वहीत जसाच्या तसा उतरवून त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. तिला बोल कसा लावणार?

मी कंपनीला दोनदा सविस्तर कळवले. दोन्ही वेळा आभाराचा ठरावीक मजकूर आला, कार्डे मात्र आजही तशीच आहेत. पहिल्यासाठी 'शक्यतेची सीमा पुढे नेणे' आणि दुसऱ्यासाठी 'पायरी सोडणे' एवढे लिहिले तरी काम भागेल. ती दुरुस्ती होईपर्यंत उच्चारांच्या सरावासाठी हे ॲप जरूर घ्यावे, पण 'धाडस' विभाग मुलांना शिक्षकाशिवाय देऊ नये.