अंगठ्याच्या मुळाचा संधिवात: जेल, इंजेक्शन आणि स्प्लिंट, अकरा महिन्यांनंतर

कुलपात किल्ली फिरवली की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, जीवघेणी कळ यायची. एक्स-रेत झीज दिसली. हा सांधा खोगिरासारखा असतो, म्हणून अंगठा चौफेर फिरतो. पण चिमटीत एक किलोचा जोर लावला तर या सांध्यावर साधारण १२ किलोचा दाब पडतो. किल्लीनंच का रडवलं, ते तेव्हा कळलं.

सुरुवात डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाच्या जेलनं केली. सांधा कातडीलगत असल्यानं थोडा फरक पडतो, तेवढाच. गोळ्यांनी पित्त उसळलं, आठवड्यात बंद केल्या. मग स्टिरॉइडचं इंजेक्शन. सुई आत जाताना डोळ्यांत पाणी आलं, पण पुढचे सहा आठवडे हात माझाच होता. सातव्या आठवड्यात दुखणं जसंच्या तसं परतलं. दुसरं घेतलं नाही.

खरा गुण आला तो स्प्लिंटनं, म्हणजे सांधा धरून ठेवणाऱ्या कडक आधारानं. आधी आणलेला तयार स्प्लिंट मनगटही जखडायचा, पेन धरता येईना. नंतर ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञानं) प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून माझ्याच हातावर बसवली: मनगट मोकळं, अंगठ्याचं टोक मोकळं, फक्त मूळ धरलेलं. तो मी रात्री घालते. पहिला महिनाभर काडीचा फरक नव्हता आणि मी तो ठेवूनच देणार होते. थेरपिस्टनं थांबवलं. फ्रान्समध्ये ११२ रुग्णांवर झालेल्या, २००९ साली छापून आलेल्या चाचणीत रात्रीच्या स्प्लिंटचा फायदा महिन्याभरात दिसला नव्हता, वर्षाअखेरीस दिसला, असं त्यांनी सांगितलं. मला चौथा महिना उजाडावा लागला. एका सकाळी कुर्त्याची बटणं लावून झाली आणि मग लक्षात आलं, दुखलंच नाही.

सोबत व्यायाम आहेच: अंगठा आणि तर्जनीमधला आखडलेला स्नायू दाबून सैल करायचा, मग तर्जनीला रबरबँड अडकवून ती अंगठ्याच्या दिशेनं ओढायची. पेनला जाड रबरी नळी लावली, त्याचाही मोठा आधार झाला.

शस्त्रक्रियेचं विचारून ठेवलंय. या सांध्यातलं ट्रॅपेझियम हे छोटं हाड काढतात, हात पूर्ववत व्हायला काही महिने जातात. वेदना रोज झोप मोडत असती तर मी तयार झाले असते. झीज स्प्लिंटनं भरून येत नाही, हे मला ठाऊक आहे. ओलं फडकं पिळताना अजून कळ येते. पण किल्ली फिरते. सध्या एवढंच, की वेल्क्रोच्या पट्ट्यांत धागे अडकून त्या सुटायला लागल्यात, बदलून घ्यायला हव्यात.