ॲन आर्बरचं बिग हाऊस: मॅचपेक्षा गर्दीचा रिव्ह्यू

बाबा सांगलीहून आलेत, कॉलेजात 31 वर्षं फिजिकल डायरेक्टर होते, म्हटलं नायगारा सगळेच दाखवतात आपण यांना मिशिगन स्टेडियम दाखवू, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान, टोपणनाव बिग हाऊस. आमच्या नोव्हाय गावाहून अर्धा-पाऊण तास. तिकिटं एका रीसेल ॲपवरून घेतली, नाव घेत नाही, पण शेवटच्या पानावर तीन तिकिटांवर जी फी लावली ना त्यात चौथं आलं असतं.

बाहेरून स्टेडियम एवढंसं दिसतं. बाबा म्हणाले, "हेच होय रे ते?" कारण ते जमिनीत खोदलंय. रस्त्याच्या लेव्हलला गेटमधून आत गेलं की पायाखाली एकदम मोठ्ठी वाटी उघडते आणि सगळी पिवळी-निळी, बाबा पायरीवरच थांबले, मागचे लोक एक्सक्यूज मी करतायत तरी हलेनात. कपॅसिटी 1,07,601. शेवटचा तो 1 म्हणजे फ्रिट्झ क्रिसलरची खुर्ची म्हणे, जुना कोच आणि ॲथलेटिक डायरेक्टर (म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा प्रमुख), ती नक्की कुठली हे कुणालाच माहीत नाही.

मग बाबांचा प्रश्न, खरा पीडी सरांचा: "एवढी माणसं आणतं कोण?" आमच्याकडे जिमखाना डेला मुलं आणायला यांना हजेरीची धमकी द्यावी लागायची. तर याचं उत्तर म्हणजे डॉन कॅनम. 1940 चा कॉलेज उंच उडी चॅम्पियन, मग तिथलाच ट्रॅक कोच, शिवाय शाळांना खेळाचं सामान विकायचा स्वतःचा धंदा, आणि 1968 ते 1988 ॲथलेटिक डायरेक्टर. हे स्टेडियम 1927 चं, तेव्हाचा ॲथलेटिक डायरेक्टर फील्डिंग योस्टनं बांधून घेतलेलं, पण कॅनम आला तेव्हा मोठा प्रतिस्पर्धी असला तरच भरायचं. यानं आल्या आल्या बो शेमबेकलरला कोच म्हणून आणलं, 1969 ला त्यानं कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला 24-12 हरवलं. पण नुसत्या जिंकण्यावर कॅनम बसला नाही. घरोघरी पोस्टानं पत्रकं, टोप्या आणि कप विकणं, आणि फुटबॉल कळो न कळो अख्ख्या फॅमिलीनं शनिवारी डबा घेऊन यायचं, हे त्यानं विकलं. 8 नोव्हेंबर 1975 पासून इथे प्रेक्षक असलेल्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर माणूस. हे ऐकून बाबांनी फक्त "दुकानदार पाहिजे या पोस्टला" एवढंच म्हटलं, आणि त्यांनी कुणाचं कौतुक केलेलं मी फार ऐकलेलं नाही.

मला एक खटकतं, शेजारी माझी मुलगी बसलेली म्हणून जास्तच. 1972 ला टायटल नाइन नावाचा कायदा आला, मुलींनाही खेळात बरोबरीनं संधी द्या म्हणून, तेव्हा याच कॅनमचा विरोध होता, पैसे कुठून आणायचे म्हणून. लाखभर लोक गोळा करणाऱ्या माणसाला मुलींच्या टीमला पैसे सुचत नाहीत हे काय पटत नाही बुवा.

बाकी प्रॅक्टिकल. ॲल्युमिनियमची बाकं आहेत, पाठ टेकायला काही नाही, बसायला जाडसर काहीतरी घेऊन जा. व्हेजवाल्यांना प्रेट्झेल आणि पॉपकॉर्न, आम्ही आधीच गोल्फ कोर्सवरच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत पोळी-भाजीचे रोल खाल्ले, शेजारच्या टेलगेटवाल्या (मॅचआधी गाडीपाशीच खाणंपिणं मांडणाऱ्या) काकांनी लसणाच्या चटणीचे दोन रोल मागून खाल्ले. बँड मैदानात उतरतो तो चुकवू नका, मॅचच्या अर्धा तास आधी जागेवर असा. निघताना मात्र गाडी हलायला तासभर लागला, आणि त्या तासात बाबांनी गेटं मोजली, कुठल्या गेटातून किती माणूस किती वेळात बाहेर येतंय याचं गणित पेपर नॅपकिनवर मांडलं.

5 पैकी साडेचार. अर्धा स्टार त्या ॲपच्या फीसाठी कापलाय. शक्यतो सप्टेंबरची मॅच घ्या, नोव्हेंबरात त्या बाकावर बाबांना नेलं असतं तर आईनं मला घरात घेतलं नसतं.