क्यूटीची दोन पिक्सेलची रेष काहून रांगायली? आठ महिने वापरल्यावर

क्यूटी म्हणजे खिडक्या, बटणं, आलेख असलेले प्रोग्राम लिहायची लायब्ररी. वापर असा: वाळूजमधल्या शेडमध्ये मोटारीच्या टेस्ट बेंचवर कंपनाचा चालता आलेख. सेन्सर सेकंदाला १०,००० रीडिंग देतो, पडद्यावर शेवटचे २० सेकंद, म्हणजे २ लाख बिंदू. पीसी जुना, मॉनिटर १३६६ बाय ७६८.

बटणं, टेबलं, लेआउट यांबद्दल तक्रार नाही. तक्रार एकच. पेनची, म्हणजे रेष काढायच्या सेटिंगची, जाडी १ ची २ पिक्सेल केली की आलेख अडखळत चालतो. तेवढ्यावर या रिव्ह्यूत एक तारा कापलाय.

ग्राफिक्स कार्ड टाका, असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. पैसे घालवू नका. साध्या विजेटवर (खिडकीतल्या चौकटीवर) क्यूपेंटर, म्हणजे क्यूटीचा चित्र काढणारा भाग, सगळं चित्र सीपीयूवरच काढतो, तेही एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर. चार कोअरच्या मशीनवर टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्राम २५ टक्क्यांपाशी अडकलेला दिसला, तर एक कोअर पूर्ण भरलाय असं समजा. तिथे कार्ड काय करणार?

जाडी १ आणि अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत दाखवणं) बंद असेल तर क्यूटी रेष सरळ पिक्सेल-पिक्सेल टाकत जातो. जाडी २ झाली की ती रेष राहत नाही, आकार होतो: दोन्ही कडा काढा, सांधे जोडा, मग आत रंग भरा. सलग जोडरेष काढणाऱ्या ड्रॉपॉलीलाइन फंक्शनला २ लाख बिंदू एकदम दिले तर त्या सगळ्यांचा मिळून एकच आकार बनतो. कंपनाची रेष त्याच जागेत हजारदा वरखाली जाते, त्यामुळे कडा एकमेकींना छेदतात आणि भरणाऱ्याचा जीव जातो. तेच बिंदू ड्रॉलाइन्स या दुसऱ्या फंक्शनने सुटे तुकडे करून दिले की फरक लगेच दिसतो. सांधे थोडे तुटके दिसतात, आणि रंग पारदर्शक असेल तर जोडावर गडद ठिपके येतात. रंग अपारदर्शक ठेवा, विषय मिटला.

खरी चीड डिफॉल्टची आहे. क्यूटी ४ मध्ये पेनची डिफॉल्ट जाडी ० होती, म्हणजे स्केल (चित्र किती पट मोठं करायचं तो आकडा) काहीही असो, रेष एक पिक्सेलचीच. क्यूटी ५ पासून ती १ झाली, आणि ही १ स्केलबरोबर वाढते. कोडमध्ये कुठेच २ लिहिलेलं नसतं, पण पेंटरला स्केल लावलेला असतो आणि रेष गुपचूप जाड होते. क्यूटी ६ मध्ये हाय-डीपीआय (दाट पडद्यावर सगळं मोठं करून दाखवणं) कायम चालू, त्यामुळे विंडोजला १५० टक्के ठेवलेल्या लॅपटॉपवर १ ची दीड होते. पेनची जाडी ठरवणारं सेटविड्थ शून्य करून बघा. वेग परत आला तर चोर सापडला. त्याआधी बिल्ड रिलीजचा (वेगासाठी तयार केलेला) आहे ना, चुका शोधायचा डीबग नाही ना, ते मात्र पाहा. डीबग बिल्डवर वेग मोजणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडीचं मायलेज काढणं.

पाचव्या महिन्यात मत थोडं बदललं. दोष पेनचा आहेच, पण १३६६ कॉलमांच्या (पिक्सेलच्या उभ्या रांगांच्या) पडद्याला २ लाख बिंदू हवेत कशाला? एका कॉलमात १४६ च्या आसपास बिंदू पडतात. त्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा एवढे दोन घेऊन उभी रेष मारली की १३६६ रेषांत काम होतं. जाडी २ सुद्धा मग निमूट चालते. सरासरी घेऊ नका; बेअरिंगचा ठोका एखाद्याच रीडिंगमध्ये येतो आणि सरासरीत विरघळतो. दर दहावा बिंदू उचलला तरी तो निसटतो.

सोबत दोन बारीक कामं. आलेखामागची जाळी दर फ्रेमला न काढता पिक्समॅपमध्ये (मेमरीतल्या तयार चित्रात) एकदाच काढून ठेवा. आणि प्रत्येक रीडिंगला रिपेंट (लगेच चित्र काढायला लावणारं फंक्शन) बोलवू नका. अपडेट बोलवा, तो मागण्या एकत्र करून एकदाच चित्र काढतो. टायमर ३३ मिलिसेकंदांचा पुरतो.

ग्राफिक्स कार्डावर चित्र काढणारा ओपनजीएल विजेट या कामाला लागला नाही. तिथेही जाड रेषेचे त्रिकोण सीपीयूच पाडतो.

बिंदू कमी केल्यावर तक्रार निम्मी झाली, म्हणून कापलेल्या ताऱ्यातला अर्धा परत. जाता जाता: शून्याचा पेन पडद्यापुरताच ठेवा, पीडीएफ किंवा प्रिंटरला नको. ६०० डीपीआयला (इंचात ६०० ठिपके) ती एका डॉटची रेष होते आणि रिपोर्टवर जवळजवळ दिसतच नाही. छपाईसाठी वेगळा पेन घ्या: ०.३ मिमी, म्हणजे साधारण ७ डॉट.