काकूंचं पाळणाघर की प्रीस्कूलचं डेकेअर?

आजी-आजोबा गावी, दिवसभराची बाई टिकत नाही आणि आईची नोकरी ऐरोली-घणसोलीकडे. ठाण्यात पाचपाखाडी-नौपाड्याला असं घर असलं की अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी फिरून फिरून दोनच पर्याय उरतात: एखाद्या काकूंचं घरगुती पाळणाघर, नाहीतर प्रीस्कूलला जोडलेलं डेकेअर. आम्ही दोन्ही करून बघितलं, आधी डेकेअर, मग काकू. फी, कॅमेरे, आठवड्याचा मेनू हे माहितीपत्रकात असतंच, त्यात शिरत नाही.

डेकेअर वेळेला पक्कं. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं आणि मी अडकले, तर उशिराचे पैसे लावायचे पण टोमणा मारायचे नाहीत. एक ताई आजारी पडली की दुसरी हजर. लेक तिथे कात्री धरायला शिकली, घरी मी तिच्या हातात दिली नसती.

काकूंकडे एक मोठी खोली, मोजकी मुलं, दुपारी सतरंज्या. मालिकेच्या वेळी टीव्हीचा आवाज कमी होतो, टीव्ही बंद होत नाही. ‘रडलीस तर बुवा येईल’ हे कानावर आलं तेव्हा बोलावं लागलं. त्या थोड्या फुगल्या, पण बुवा बंद झाला. पावती-बिवती मागायची नाही.

कागदावर मांडलं तर डेकेअर पुढे आहे. माझं घोडं अडलं ते त्यांच्या दारात.

‘मॅम, टाटा करत बसू नका, ती रडते. आम्ही तिला खेळात गुंतवतो, तेवढ्यात तुम्ही निघा.’ पालकांनी फाटकाच्या आत यायचं नाही. संध्याकाळी नाव पुकारलं जायचं आणि तोंडाला पावडर, पाठीला दप्तर अशी तयार मुलगी जाळीच्या दारातून बाहेर. मागे पुढची आई उभीच, म्हणजे बाजूला व्हायचं. कुरिअरच्या काउंटरवर पार्सल सोडवतो ना, तसं. ताई कौतुकाने म्हणायच्या, ‘एकदम सेट झालीय, रडतच नाही.’ खरंच रडायची नाही. माझ्याकडे बघायचीही नाही, सरळ समोरच्या स्कूटरच्या आरशाशी खेळायला लागायची. आणि घरी आल्यावर माझ्या मागे बाथरूमच्या दारापर्यंत. रात्री गाऊनचं टोक मुठीत धरून झोपायची, मी भांडी लावायला उठले की जागी.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये बसवलेला, बाळाचं आईशी नातं बघणारा एक प्रयोग आहे. साधारण तीन-तीन मिनिटांचे ८ टप्पे असतात: आई खोलीतून जाते, येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. जाताना मूल किती रडलं यापेक्षा परतलेल्या आईकडे ते कसं वळलं आणि तिच्यापाशी शांत झालं का, याला वजन जास्त. काही मुलं परत आलेल्या आईकडे बघतच नाहीत, खेळत राहतात. पुढे काही संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. हा प्रयोग एक-दीड वर्षाच्या बाळांचा, आमची जवळजवळ तीन वर्षांची. दिवसभर दमलेलं मूल संध्याकाळी कसंही वागतं, त्यामुळे यावरून तिचं निदान करायला मी काही बसले नाही. पण ‘रडत नाही’ हे ऐकून खूश व्हायचं मात्र सोडलं.

मोठ्या मुलांसाठी, आई-मुलाच्या लळ्याचा सिद्धांत मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा मुद्दा मला जास्त कामाचा वाटतो. बाळाला आई नजरेच्या टप्प्यात हवी असते. तीन-चार वर्षांच्या सुमारास मात्र आईचेही काही बेत असतात हे मुलाला उमगू लागतं आणि दोघांत बोलणी होऊ शकतात. ‘दूध-बिस्कीट झालं की मी येते’ हे त्या वयाचं मूल डोक्यात धरून बसू शकतं, वर हुज्जतही घालतं: ‘नको, झोपून उठले की ये.’ ही हुज्जत घालायला दारात पाच मिनिटं लागतात. नजर चुकवून निघायचं तर बोलणी करणार कोणाशी? मी ती पाच मिनिटं मागितली. सुरक्षेचा नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं. त्यांच्या बाजूने ते बरोबरही असेल, एवढे पालक आत आले तर गोंधळच होणार.

काकूंचं दार उघडंच असतं. चपला काढायच्या आणि आत. ‘बस गं, चहा टाकते. आज हिने गवार ठेवली सगळी.’ तोवर लेक धावत येऊन माझ्या गुडघ्यावर दोन चापट्या मारायची आणि भोकाड पसरायची. काकू म्हणायच्या, ‘दिवसभर हूं नाही की चूं नाही, आणि तुला बघून सूर लावलाय बघ.’ मग मांडीवर चढायची, गादीमागे लपवलेली टोपणं दाखवायची, आणि निघताना स्वतःच चपला शोधायची. रात्रीचं गाऊन पकडणं हळूहळू कमी झालं. वयामुळे झालं असेल, काकूंमुळे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. मला आपलं वाटतं.

काकूंचा लळा लागतो, याची तयारी ठेवा. ताप आलेला असताना लेकीने ‘काकू पाहिजे’ म्हटलं की पोटात कालवतं. सासूबाईंचं फोनवर सुरूच होतं, ‘आई कोण ते विसरेल.’ ग्लासगोत ६० बाळांचा मागोवा घेणारा शॅफर आणि इमर्सन या संशोधकांचा १९६४ सालचा अभ्यास आहे. त्यात दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांना एकाहून अधिक माणसांचा लळा लागलेला होता. सासूबाईंना हे मी सांगितलं नाही. काकूंनाच फोन जोडून दिला, दोघींचं जमलं.

तुमच्या ऑफिसचं पाळणाघर असेल तर आधी ते बघा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ सालच्या दुरुस्तीने आलेल्या नियमानुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ही सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाता येतं. दाराचा प्रश्नच मिटला. आमच्या बाबतीत सकाळच्या ऐरोलीच्या गर्दीत तिला घेऊन चढण्याची माझीच हिंमत झाली नाही.

शिफ्ट रात्रीपर्यंत चालत असेल किंवा अडीअडचणीला धावून येणारं जवळपास कोणीच नसेल, तर डेकेअरच घ्या. सगळ्यांची फाटकं आमच्या डेकेअरसारखी नसणार. चौकशीला गेलात की सकाळी अकराची वेळ देतात, तेव्हा सगळं छान दिसतं. त्यापेक्षा संध्याकाळी मुलं सोडायच्या वेळी दाराशी उभं राहून बघा आणि थेट विचारा, ‘सकाळी मी सांगून निघाले तर चालेल ना?’

बाकी सगळा हिशेब मांडला तर माझं मत काकूंकडे झुकतं, हे लक्षात आलंच असेल. फक्त मे महिन्याचं आणि गणपतीचं आधी ठरवून घ्या. काकू सावंतवाडीला जातात, आणि ते आपल्याला तिकीट काढून झाल्यावर कळतं.