पूल, बंधारा, कारखान्याचं शेड: फायबर सेन्सर घ्यावा की साधा?

कृष्णाकाठचा पूल असो की साखर कारखान्याचं जुनं शेड, बांधकामाची हालचाल, ताण किंवा तापमान मोजणारे सेन्सर बसवायचं ठरलं की तीन प्रकारची (फॉइल, व्हायब्रेटिंग वायर आणि फायबर) कोटेशनं येतात आणि किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. किती ठिकाणी मोजायचं आणि किती वर्षं, हे ठरेपर्यंत त्यांची तुलना करूच नये.

लोड टेस्टसारखं चार दिवसांचं काम असेल, तर फॉइलचा स्ट्रेन गेज (ताणामुळे होणारी लांबीतली किंचित वाढ-घट, म्हणजे स्ट्रेन, मोजणारी चिकटपट्टी) पुरे. स्वस्त आहे आणि उसाची ट्रॉली पुलावरून जाताना होणारा क्षणाक्षणाचा बदल टिपतो. पण उघड्यावर एक-दोन पावसाळे काढायचे असतील तर ओल शिरते, शून्य सरकतं (भार नसतानाचंच वाचन बदलतं), आणि आकड्यांवरचा विश्वास उडतो.

व्हायब्रेटिंग वायरमध्ये ताणलेली तार छेडून तिची कंपनं मोजतात. त्यामुळे केबल लांब असली तरी वाचन बिघडत नाही. धरणांत हे सेन्सर वर्षानुवर्षं चालतात. बंधाऱ्याच्या संथ हालचालीसाठी मी हाच घेईन. धावत्या वाहनाचा धक्का मात्र तो नेहमीच्या वापरात पकडत नाही. शिवाय केबल तांब्याची, म्हणून वळवाच्या विजांपासून वाचवायला अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला दाब जमिनीत सोडणारं उपकरण) चोख हवेत.

फायबर म्हणजे काचेचा बारीक धागा; त्यातून प्रकाश जातो, वीजच नसते. मोठ्या मोटारी आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारं उपकरण) यांच्या शेजारीही सिग्नल स्वच्छ राहतो. एका धाग्यावर दहा-वीस एफबीजी (फायबर ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवणारा बिंदू) सेन्सर ओवता येतात. खर्च खरा इंटरोगेटरचा, म्हणजे धाग्यात प्रकाश सोडून वाचन घेणाऱ्या यंत्राचा. तो चार बिंदूंसाठी परवडत नाही, चाळीस बिंदूंसाठी परवडू लागतो. इंटरनेट केबलवाल्यांमुळे फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन आता तालुक्याच्या गावीही मिळतं, ही मोठी सोय झाली आहे. बॅगसच्या (उसाच्या चोथ्याच्या) कन्व्हेयरवर कुठे तापतंय हे बघायचं असेल, तर एफबीजी नको. अख्ख्या केबलभर तापमान मोजणारी रामन पद्धत घ्या.

एफबीजी घेताना तापमानाचा मुद्दा सोडू नका. एफबीजी तरंगलांबीतला बदल मोजतो, आणि तो ताणामुळेही होतो, तापमानामुळेही. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला एक मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) म्हणजे सुमारे १.२ पिकोमीटरचा फरक, आणि एक अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे १० पिकोमीटरचा. म्हणजे दिवसरात्रीतला १५ अंशांचा फरक सव्वाशे मायक्रोस्ट्रेनसारखा दिसतो. पोलादात हा जवळपास २५ मेगापास्कलचा खोटा ताण झाला! तापमानाचा वेगळा सेन्सर ज्या कोटेशनमध्ये नाही, ते बाजूला ठेवा.

आणखी एक, पुलापुरतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा पुरात पायाखालची माती वाहून जाण्याची भीती असते. गर्डरवरचा स्ट्रेन सेन्सर, फायबरचा असला तरी, ते वेळेत सांगेल याची खात्री नाही. बजेट तोकडं असेल तर आधी खांबांवर झुकाव मोजणारे सेन्सर बसवा, तेही पावसाळ्याआधी, म्हणजे पूर येण्यापूर्वीची वाचनं हाताशी राहतील.