गोळी तीच, दूध बंद: अण्णांच्या लेव्होडोपाचे १४ महिने

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांचा कंपवात (पार्किन्सन) आम्हाला आधी वहीत दिसला, हाताची थरथर नंतर आली. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर टपोरं, शेवटचं मोहरीएवढं. आम्ही चष्मा बदलून आणला!

गोळी सुरू झाली ११०ची, म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा, दिवसातून तीनदा. पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ. मग आईनं कपभर म्हशीच्या दुधाबरोबर द्यायला सुरुवात केली. मळमळ थांबली, पण गुणही थांबला. अण्णा दुपारपर्यंत खुर्चीला खिळलेले.

डोस वाढवून घ्यायला मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी न्याहारी विचारली. दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा, दोघांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला दार एकच. दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. आधीच्या ठिकाणी हे एका शब्दानं कुणी बोललं नव्हतं, याचा राग अजून आहे.

मला समजलं ते असं. मध्यमेंदूतल्या काळसर पेशी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करून स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागाला पुरवतात. तिथे एक वाट हालचाल सोडते, दुसरी अडवते. डोपामिन पहिलीला रेटतं, दुसरीला आवरतं. ते आटलं की हँडब्रेक ओढलेल्या गाडीसारखा माणूस. नुसतं डोपामिन दिलं तर ते रक्तातून मेंदूत जात नाही. लेव्होडोपा जातं आणि आत त्याचं डोपामिन होतं. कार्बिडोपा हा बदल वाटेतच होऊ देत नाही. तो कमी पडला की मळमळ. म्हणून डॉक्टरांनी १२५ची गोळी दिली: लेव्होडोपा तेवढंच, कार्बिडोपा २५.

आता सात, बारा आणि पाच, जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. दूध रात्री. महिन्याभरात अण्णा शर्टाची बटणं स्वतः लावू लागले, आमराईत फेरी मारू लागले. ताठरपणा आणि संथपणा यांना गोळी छान लागू पडली, थरथरीला मात्र निम्मीच. उंबऱ्यापाशी पाय चिकटतात ते चिकटतातच. तिथे फरशीवर पिवळ्या टेपच्या पट्ट्या मारल्यात, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाऊल उचलतं. झटकन उभं राहिलं की चक्कर येते, म्हणून आधी पलंगावर दोन मिनिटं बसणं.

शेजारच्या काकांनी खाजकुहिलीचं चूर्ण आणून दिलं. त्यात खरंच लेव्होडोपा असतं, पण चमच्यात किती ते कोण मोजणार? गोळीवर तेच आणखी नको, असं डॉक्टर म्हणाले. डबा माळ्यावर. आणि गोळी मनानं एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

गोळी चढायला अर्धा-पाऊण तास, उतरायला चारएक तास. घड्याळ लागतच नाही. काल किराण्याची यादी अण्णांनीच लिहिली. गूळ, तूरडाळ, भडंगाचे चुरमुरे ठसठशीत. जिरं वाचायला मला भिंग लागलं. आई आतून म्हणाली, "साडेअकरा झाले वाटतं."