लायसन्सचं ‘पॅकेज’ घेताय? अर्जात मोबाइल नंबर कुणाचा टाकलाय ते आधी बघा

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या आणि पहिल्यांदाच गाडी शिकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाला “ताई, तुम्ही फक्त गाडी शिका, बाकीचं सगळं आमच्यावर सोडा” म्हणाला, की त्या ‘बाकीच्या सगळ्या’त काय काय येतं ते तिथल्या तिथे विचारून घ्या. माझ्या बाबतीत खरी गोम तिथेच निघाली.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही परभणीहून इकडे आलो. मुलीची शाळा लांब, रिक्षावाले मीटर टाकायला तयार नाहीत आणि घरची जुनी वॅगन आर पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली. सोसायटीपासून चालत जाता येईल अशा एका स्कूलमध्ये चौकशी केली. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय असलं दुकान दर दोन चौकांआड सापडतं, त्यामुळे एकाचं नाव सांगून फार उपयोगही नाही.

पॅकेज ९,५०० रुपयांचं. त्यात गाडी शिकवणं, लर्निंग आणि पक्कं लायसन्स. पाच हजार आगाऊ. पावती मागितली तर मालकाने आपलं व्हिजिटिंग कार्ड उलटं केलं, मागे ‘५००० जमा’ लिहिलं आणि खाली एक गिचमिड सही ठोकली. तारीख नाही, पैसे कशाचे ते नाही, स्कूलचा शिक्का नाही. “आपलं रोजचंच काम आहे ताई, पावती कशाला?” पैसे यूपीआयने दिले होते एवढाच काय तो पुरावा.

मग माझं आधार कार्ड बघून त्याने मान हलवली. “हे परभणीचं आहे. इथं चालत नाही. पत्त्याची सोय करावी लागेल, त्याचे दोन हजार वेगळे.”

हे धादांत खोटं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो. परभणी महाराष्ट्रातच आहे. लर्निंगची परीक्षा तर आधारच्या आधाराने घरी बसून देता येते, ही सोय आपल्याकडे २०२१ पासून आहे. पण आधारवरून अर्ज केला की ओटीपी येतो आधारला जोडलेल्या, म्हणजे माझ्या मोबाइलवर. ते त्याला नको होतं. पत्त्याचं निमित्त पुढे करून त्याने माझा अर्ज बिनआधारचा भरला आणि मोबाइल नंबराच्या रकान्यात आपल्या ऑफिसातल्या पोराचा नंबर टाकला. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच सांगितलं गेलं की मेसेज आमच्याकडे येतील, तुम्हाला त्रास नको.

लर्निंगची परीक्षा आरटीओत कॉम्प्युटरवर झाली. साठ टक्के लागतात, वाहतुकीच्या खुणा नीट पाठ केल्या तर अवघड काही नाही. मी पास झाले. त्याबद्दल मालकाने पेढे मागितले, ते वेगळंच.

खरी गंमत शिकवणीत. नियमाप्रमाणे खासगी चारचाकीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं हवं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं. त्या तासांची नोंद स्कूलने फॉर्म १५ मध्ये ठेवायची असते. माझा ‘अर्धा तास’ असा जायचा: आधी गाडी दुसऱ्या एका मुलीला घ्यायला जायची, ती मागे बसायची. मग शिकवणारे सर पंपावर सीएनजीच्या रांगेत गाडी लावायचे. परत येताना कुणाला तरी सोडायचं. उरलेल्या वेळात माझ्या हातात स्टिअरिंग.

स्टिअरिंगच फक्त. स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, तो असायलाच हवा, नियमच आहे. पण आमचे सर फोनवर बोलता बोलता क्लच स्वतःच दाबायचे, ब्रेक स्वतःच मारायचे, आणि वर “मस्त चालवताय ताई!” मलाही वाटायचं की जमतंय. चढावर गाडी मागे सरकत नाही, सिग्नलला बंद पडत नाही, म्हणजे जमलंच की! एकदा चप्पल सरकली म्हणून खाली वाकले तर त्यांचा पाय क्लचवर, माझा पाय अधांतरी, आणि गाडी झकास सेकंड गिअरमध्ये चाललेली. शिकत असाल तर पहिल्याच आठवड्यात सरांना सांगा, पाय वर घ्या. गाडी बंद पडू दे, मागचे हॉर्न वाजवू देत. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा सोडल्यावर गाडी हलायला लागते ती जागा, कुठे पकडतो ते आपल्याच पायाला कळावं लागतं.

लर्निंग मिळून ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. टेस्टच्या दिवशी ऑफिसातला पोरगा फाइल घेऊन आला, रांगेत माझ्या हातात देऊन चहाला गेला. तेव्हा मी ती पहिल्यांदा उघडून पाहिली. स्टेपल मारलेल्या गठ्ठ्यात वरच फॉर्म ५, म्हणजे स्कूलचं प्रमाणपत्र: मी पूर्ण प्रशिक्षण घेतलं आहे. त्याखाली नोटरीचं एक प्रतिज्ञापत्र. त्यात मी शपथेवर सांगत होते की मी अमुक पेठेत, अमुक वाड्यात, तिसऱ्या मजल्यावर राहते. त्या पेठेत मी आजवर पाऊल ठेवलेलं नव्हतं. खाली माझ्या नावाची सही, सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. मी सहीला कधी टिंबं देत नाही.

पोरगा आल्यावर विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, सगळ्यांचंच असं असतं.” आणि लगेच पुढचं: “आत साहेबांचे पंधराशे द्यावे लागतील. नाहीतर नापास करतात. नापास झालात की लर्निंग बाद, परत पहिल्यापासून.”

दोन गोष्टी यात एकात एक मिसळलेल्या आहेत. नापास झाल्यावर लर्निंग बाद वगैरे काही होत नाही. लर्निंग सहा महिने चालतं आणि सात दिवसांनी टेस्ट पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. राहिले साहेबांचे पंधराशे. ते साहेबांपर्यंत जातात की वाटेतच जिरतात हे तुम्ही कुणाला विचारूच शकत नाही, आणि वसुलीसाठी याहून सोयीची रक्कम कुठली? मी दिले नाहीत. टेस्ट घेणारे अधिकारी माझ्याशी नीट बोलले, गाडी पुढे घ्या म्हणाले, मी क्लच सोडला आणि गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. नापास. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, तीन पाय लावून चालवलेली गाडी त्या दिवशी दोनच पायांवर आली होती.

स्कूलचं म्हणणं, बघा, पंधराशे वाचवले ना! पुन्हा टेस्टचे आता तीन हजार. सरकारी दर सांगते: लर्निंगचे १५० आणि त्या परीक्षेचे ५०. पक्क्याच्या टेस्टचे ३००, लायसन्सचे २००. पुन्हा टेस्ट द्यायची तर परत ३००. कार्डाचा आणि टपालाचा खर्च धरूनसुद्धा एका चारचाकीच्या लायसन्सला सगळं मिळून हजाराच्या आसपास लागतात. माझ्या ९,५०० मध्ये ‘सरकारी फी’ म्हणून साडेतीन हजार धरले होते, हे मला त्याच्याच वहीत दिसलं.

म्हटलं, मीच भरते ऑनलाइन. सारथीच्या, म्हणजे लायसन्सच्या सरकारी साइटवर गेले, आणि तिथे अडले. पुढे जायला ओटीपी हवा, ओटीपी त्या पोराच्या फोनवर. त्याला फोन केला तर “मालकांना विचारतो.” मालक म्हणे, आधी बाकी भागवा. नाव माझं, फोटो माझा, अंगठा माझा, पण अर्जाची किल्ली त्याच्या खिशात. पैशाचं एक वेळ सोडा, मला याचाच जास्त संताप आला.

हे सोडवायला मालकाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. आरटीओत जाऊन साधा अर्ज दिला, आधारची झेरॉक्स जोडली, अर्ज क्रमांक लिहिला आणि मोबाइल नंबर बदलून मागितला. खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “एजंटाचा नंबर आहे का?” म्हणजे त्यांना हे रोजचंच असावं. नंबर बदलला. मग टेस्टची वेळ मी स्वतः घेतली, ३०० रुपये स्वतः भरले, शेजारच्या काकांनी पहाटे रिकाम्या रस्त्यावर आमच्याच वॅगन आरवर सराव करून घेतला आणि टेस्टही त्याच गाडीवर दिली. स्वतःची गाडी चालते, फक्त कागद पूर्ण हवेत आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. पास.

तेवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पत्ता राहिला होता. लायसन्सचं कार्ड हातात देत नाहीत, स्पीड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर पाठवतात. म्हणजे त्या पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर. तो फ्लॅट निघाला मालकाच्या मेहुण्याचा, आणि मी पास झाल्यावर काही दिवसांतच मालकाचा गोड आवाजात फोन: “अभिनंदन ताई! कार्ड आलंय. पॅकेजचे राहिलेले साडेचार आणि पत्त्याचे दोन, असे साडेसहा आणा आणि घेऊन जा.”

कार्ड त्याच्याकडेच राहू दिलं. नंबर आता माझा होता, त्यामुळे लायसन्स क्रमांक मला मेसेजने आलेला होता. तो घालून डिजिलॉकरमध्ये लायसन्स उतरवून घेतलं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन्स पोलिसांना मूळ कागदाइतकंच चालतं. मालकाला तसं कळवलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती, मग म्हणाला, “तुम्ही गावाकडून आलात पण हुशार निघालात.” हे कौतुक मी अजून पचवते आहे.

खोट्या प्रतिज्ञापत्राची भानगड मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उद्या काही निघालं तर कागदावर खोटं बोललेली मी आहे, मालक नाही. म्हणून आरटीओला लेखी कळवलं की ही सही माझी नाही, हा पत्ता माझा नाही, फाइल कुणी भरली आणि पैसे कोणत्या खात्यावर गेले. सोबत यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्या व्हिजिटिंग कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स. पोच घेतली, आवक क्रमांक टाकून घेतला. पत्ता बदलायचा अर्ज वेगळा केला, त्याची फी २०० रुपये.

ड्रायव्हिंग स्कूल चालवायला आरटीओचंच लायसन्स लागतं, फॉर्म ११ मधलं, आणि मूळ प्रत दुकानात दिसेल अशी लावावी लागते. ते निलंबित किंवा रद्द करायचा अधिकारही त्यांनाच आहे. त्यामुळे तक्रार तिथेच आधी करायची. चौकशीला गेलात की भिंतीवर ते शोधा. आमच्या स्कूलच्या भिंतीवर गणपती, कॅलेंडर आणि पास झालेल्यांचे फोटो होते. पैशासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांना फी नाही, ती वाटही मोकळी ठेवली आहे.

आरटीओची नोटीस गेल्यावर मालक स्वतः घरी आला. कार्ड दिलं, तीन हजार परत दिले आणि तक्रार मागे घ्या म्हणाला. तीन हजार घेतले, त्याची पावती मी लिहिली आणि त्याच्याकडून सही करून घेतली, तारखेसकट. तक्रार मागे घेतलेली नाही. सुनावणीला त्याने फॉर्म १५ ची वही आणायची आहे. माझ्या नावापुढे किती तास मांडलेत आणि सह्यांना टिंबं आहेत का, ते तेव्हा कळेल.